शाळेचं जुनं शाईचं चित्र सापडलं? अर्थ लावताना या चुका टाळा

गावच्या घराची सपरी पाडली तेव्हा आबाजींच्या पेटीत, सातबाऱ्यांच्या खाली, एक चित्र निघालं. काळ्या शाईचं, वीतभर. पगडीवाला माणूस टेकून बसलाय, समोर सात-आठ पोरं, त्यातलं एक पार वाकलेलं. घरातले सगळे एकच म्हणाले, "मार खाऊन राह्यलं बिचारं!" आम्ही वर्षभर तेच सांगत फिरलो आणि ते साफ चुकीचं होतं.

सगळ्यात मोठी चूक हीच, चित्र नीट पाहायच्या आधी गोष्ट ठरवून टाकणं. नंतर भिंग लावून पाह्यलं तर त्या पोराच्या मांडीपुढे चौकोनी फळी आणि बोटांत बारीक काडी. धूळपाटी! फळीवर धूळ नाहीतर विटकरीची भुकटी पसरायची, काडीनं अक्षर काढायचं, चुकलं की हात फिरवायचा आणि पुन्हा. धुळाक्षरं म्हणतात ती हीच. म्हणजे पोरगं लिहीत होतं. म्हणून आधी प्रत्येकाच्या हातात काय आहे ते पाहा, चेहऱ्याकडे मग जा. पुस्तक दिसत नाही म्हणून शाळा नाही असंही म्हणू नका, पंतोजींकडे पावकी, निमकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे सगळे एका सुरात घोकून पाठ करायचे.

कानात बाळी दिसली की लगेच मुलगी म्हणू नका. पोरांचेही कान टोचत आणि जावळ काढेपर्यंत केस लांब असत. पुण्यात फुल्यांनी मुलींची शाळा काढली १८४८ मध्ये, तेव्हा गावठी शाळेत मुलगी बसलीय असं म्हणायला नुसती बाळी पुरत नाही. पंतोजी पोरांच्या दुप्पट काढलाय तो मानानं, आणि वरची पोरं हवेत नाहीत, ती मागची रांग आहे.

आता साल. चित्राखाली मोडीत एक ओळ आणि १७९० असा आकडा. भाचा म्हणाला, "मामा, नागपूरकर भोसल्यांच्या काळातलं आहे हे!" आम्ही खूश. शेजारच्या गावच्या एका म्हाताऱ्या गुरुजींना मोडी येते, त्यांनी आकड्याआधीचा शब्द वाचला, शके. शके असेल तर ७८ मिळवायचे, म्हणजे इसवी सन १८६८, आणि आमचं वऱ्हाड तर १८५३ लाच निजामाकडून इंग्रजांकडे गेलेलं. आपल्याकडच्या जुन्या कागदांवर फसली सनही असतो, म्हणजे सारावसुलीचा सन, त्यात साधारण ५९० मिळवायचे, फसली १२७० म्हणजे १८६० च्या आसपास. आकड्याच्या बाजूचं अक्षर वाचल्याशिवाय साल कोणालाच सांगू नका. कागद उन्हासमोर धरूनही पाहा, गिरणीच्या कागदात कधी कधी पाणछाप असते आणि तिच्यात साल असलं तर चित्र त्याच्या आधीचं असूच शकत नाही.

आणि कृपा करून पुसू नका. बोरूची जुनी शाई काजळ आणि डिंकाची, पाणी लागलं की सुटते. मला हे माहीत नव्हतं, धूळ दिसली म्हणून ओल्या फडक्यानं उजवा कोपरा पुसला आणि फडकं काळं झालं. तिथं आठवं पोरगं होतं. आता एक गुडघा आणि काडी धरलेली दोन बोटं तेवढी उरलीत.