चीनच्या खेड्यांतून सॅक पाठीला लावून फिरायचं, तेही ग्रुपने

ग्रुप सहाच्या वर नेऊ नका; चार असाल तर सगळ्यांत सोपं. टॅक्सीत चार मावतात आणि वरच्या खेड्यांत जाणाऱ्या छोट्या व्हॅनमध्ये सॅकसकट सहा. सातवा आला की दुसरी गाडी, दुसरी घासाघीस आणि हमखास चुकामूक. माणसं निवडताना दम बघालच, पण वाट चुकून एकटा पडलेला गडी स्वतःच्या जिवावर मुक्कामाला पोचेल का, तेही बघा. तिकडे ग्रुप चढावर कमी आणि फोन-पासपोर्टवर जास्त अडकतो.

व्हिसा वैयक्तिकच काढा. ग्रुप व्हिसावर सगळ्यांनी एकत्र आत शिरायचं आणि एकत्रच बाहेर पडायचं असतं. एकाचा पाय मुरगळला आणि त्याला लवकर परतायचं असलं, तर सगळ्यांचीच पंचाईत.

तारखा ठरवताना चिनी नववर्ष, 1 मेची सुट्टी आणि 1 ऑक्टोबरपासूनचा आठवडा टाळा. अख्खा देश तेव्हा गाड्यांत असतो. नैऋत्येकडच्या युन्नान प्रांतात जून ते सप्टेंबर पाऊस आणि दरडी. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबर उत्तम, मार्च-एप्रिलही चालतो. रेल्वेचं बुकिंग साधारण 15 दिवस आधी उघडतं. 12306 या सरकारी ॲपवर पासपोर्टची पडताळणी व्हायला वेळ जातो, म्हणून खातं आधीच काढून ठेवा. तिकीट पासपोर्टवरच निघतं, त्यामुळे नावातलं एक अक्षरही चुकता कामा नये. स्टेशनवर तासभर आधी पोचा: सामानाची तपासणी असते आणि परदेशी पासपोर्टला बऱ्याचदा माणूस बसलेल्या फाटकातूनच जावं लागतं. स्टोव्हचा गॅस रेल्वेत चालत नाही, चाकू तपासणीत जातो. स्वयंपाकाचं सामान न्यायचंच नाही, कारण गावोगावी खाणावळ मिळते. देशांतर्गत विमानाने जाणार असाल तर पॉवरबँकवर चीनचा '3सी' हा सुरक्षिततेचा शिक्का हवा, नाहीतर ती विमानतळावरच ठेवावी लागते.

आता फोन. गूगल, व्हॉट्सॲप तिथल्या नेटवर चालत नाहीत. तुमच्या सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं तर सहसा चालतात. तरी वीचॅट हे चिनी मेसेजिंग ॲप निघण्यापूर्वीच घ्या. नवीन खात्याला जुन्या वापरकर्त्याची पडताळणी लागू शकते आणि असा कुणी सीमेपलीकडे आयत्या वेळी सापडत नाही. नकाशाची गोम वेगळीच आहे. चीनमधले नकाशे कायद्याने सरकारी पद्धतीच्या, मुद्दाम सरकवलेल्या निर्देशांकांवर (अक्षांश-रेखांशांवर) चालतात. 'गाओद' या चिनी नकाशा ॲपवरून उचललेला बिंदू ऑरगॅनिक मॅप्स या ऑफलाइन नकाशात टाकला की काहीशे मीटर बाजूला पडतो. शहरात ते खपतं. भातखाचरांत मात्र तुम्ही दुसऱ्याच डोंगराच्या सोंडेवर निघता. म्हणून गाड्या आणि पत्ते गाओदवर बघा, पायवाट ऑफलाइन नकाशावर, आणि दोघांत निर्देशांकांची देवाणघेवाण करूच नका.

पैशांसाठी प्रत्येकाच्या फोनवर अलीपे हे पेमेंटचं ॲप हवं, त्याला व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडलेलं. परदेशी कार्डावर 200 युआनपेक्षा मोठ्या व्यवहाराला 3 टक्के जादा लागतात, म्हणून जेवणाचं मोठं बिल दोघा-तिघांनी तोडून द्यावं. कणीस विकणाऱ्या आजीच्या खासगी क्यूआर कोडला परदेशी कार्ड कधीकधी चालत नाही. त्यासाठी माणशी 500 युआन रोख ठेवा, निम्मे तरी 10 आणि 20 च्या नोटांत.

मुक्कामाला पासपोर्ट प्रत्येकाचा, मूळ प्रतच; फोटो चालत नाही. खेड्यातल्या घरगुती गेस्टहाऊसला परदेशी पाहुण्यांची नोंद करता येते ना, हे आदल्या दिवशीच विचारा. कुणाच्या घरी राहिलात तर 24 तासांत पोलीस ठाण्यात नोंद करणं कायद्याने तुमच्यावर आहे. गेस्टहाऊसला नोंद करता येत नाही हे संध्याकाळी सातला पोचून उमगलं, तर शेवटची व्हॅन निघून गेलेली असते.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी दक्षिणेकडच्या ग्वांगशी प्रांतातली लोंगजीची भातखाचरं घ्यावीत: पिंगआन ते दाझाय, चार-पाच तासांची चाल, वाटेत झोंगल्यू गाव. खाचरं पाण्याने भरलेली बघायची तर मे-जून, पिवळी बघायची तर सप्टेंबरअखेर.

दम असेल तर युन्नानमधली टायगर लीपिंग गॉर्ज ही खोल घळ, खाली जिनशा नदी आणि समोर 5,596 मीटरचा युलोंग पर्वत. लिजियांग शहरातून सकाळची गाडी पकडून घळीच्या तोंडाशी च्याओतोऊ गावात उतरा आणि व्हॅनने नाशी गेस्टहाऊसपर्यंत जा. सुरुवातीचा डांबरी रस्ता तुडवण्यात राम नाही. मोठी सॅक टीनाच्या गेस्टहाऊसवर गाडीने पाठवता येते. पाठीवर पाच किलो पुरे, त्यात दोन लिटर पाणी. पुढे 28 वळणांचा चढ, दोन-अडीच तास, माथा सुमारे 2,670 मीटर. खेचरवाले मागेमागे येतात. कुणी थकला तर भाव आधी ठरवून सॅक तरी चढवावी. सर्वांत हळू चालणारा पुढे, वाट माहीत असलेला शेवटी. प्रत्येक फाट्यावर सगळे जमेपर्यंत थांबायचं. दगडांवरचे काही बाण गेस्टहाऊसच्या जाहिरातीचे असतात, डोळे झाकून त्यांच्या मागे जाऊ नये. मुक्काम टी हॉर्स किंवा हाफवे गेस्टहाऊसला. दुसऱ्या दिवशी हाफवेनंतर धबधबा थेट वाटेवरून वाहतो: खडक गुळगुळीत, खाली दरी. एकेकाने, डोंगराकडे अंग ठेवून पार करावा. रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर तिथे जाऊच नये.

शाकाहारींनी 'मांस नको' एवढंच सांगितलं तर तुकडे वगळले जातात, पण डुकराची चरबी आणि मांसाचा रस्सा राहतोच. तिन्ही गोष्टी चिनीत लिहिलेला कागद खिशात ठेवा. टोमॅटो-अंडं, व्हिनेगर घातलेला किसलेला बटाटा, टोफू सगळीकडे मिळतं. माणशी एक डिश आणि भात, मधोमध ठेवून वाटून खायचं. नळाचं पाणी पिऊ नका. रेल्वेच्या डब्यात, स्टेशनवर उकळत्या पाण्याचा नळ असतो, पण बाटली स्टीलचीच न्या, प्लास्टिकची वाकते.

पुढे शांग्रिला या गावी जाणार असाल तर ते 3,200 मीटरवर आहे. पहिला दिवस चालू नका. कुणाला डोकं दुखून उलट्या व्हायला लागल्या तर वाट न बघता त्याला लिजियांगकडे खाली उतरवा. रुग्णवाहिकेचा नंबर 120, पोलिसांचा 110.