४८ ब्लॉक आणि एकही उलटा नाही

९ इंची ब्लॉकांच्या, सहा उभ्या आणि आठ आडव्या ओळींच्या पॅचवर्क गोधडीचा वरचा भाग ५४ × ७२ इंच भरतो. ब्लॉक साडेनऊ इंच कापलेले असतात, कारण चारही बाजूंना पाव इंच माया (शिवणीत जाणारं कापड) जाते. मांडणीआधीच सगळे एका मापाला कापून घ्या. दर ब्लॉकमागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, फरक राहिला, तर सहा ब्लॉकांत पाऊण इंच होतो आणि मग कितीही ओढलं तरी कोपरे जुळत नाहीत.

पंखा बंद करून जमिनीवर जुन्या चादरीवर मांडणी करा. थोडं लांब उभं राहून मोबाइलवर फोटो काढा. तो कृष्णधवल करून पाहिला की गडद ब्लॉक एकाच कोपऱ्यात साचलेत का, ते लगेच कळतं. अदलाबदल झाल्यावर शेवटचा फोटो ठेवा, आधीचे पुसून टाका.

आता चिठ्ठ्या. आडव्या ओळींना क, ग, च, ट, त, प, म, ल आणि उभ्या ओळींना १ ते ६. घ-ध, भ-म अशा जोड्या घाईत फसवतात, म्हणून जोडीतलं एकच अक्षर घ्यायचं. चिठ्ठी प्रत्येक ब्लॉकच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातच लावा. ब्लॉक फिरला की चिठ्ठीची जागा बदलते, चूक तिथेच दिसते. कडेपासून इंचभर आत टोचा, नाहीतर मशीनची सुई टाचणीवर आपटून मोडेल. टाचणी काचेच्या डोक्याची हवी, प्लॅस्टिकचं डोकं इस्त्रीखाली वितळतं. मजकूर पेन्सिलने लिहा, शाई वाफेने कापडात उतरू शकते. मास्किंग टेप नकोच, इस्त्री फिरली की तिचा गोंद कापडावर राहतो.

उभी ओळ खालून वर गोळा करा, म्हणजे क सर्वांत वर येईल. क१ वर क२ सुलट बाजू आत ठेवून पालथा घाला आणि उजवी कड शिवा. दोरा न तोडता दोन-तीन टाके रिकामे चालवून लगेच ग१-ग२ घ्या. ल पर्यंत गेलात की आठ जोड्या तोरणासारख्या एकाखाली एक लटकतात. याच तोरणाला तिसरी उभी ओळ, मग चौथी. दर ओळीनंतर चादरीवर पसरून फोटोशी ताडून पाहा. डावी कड शिवली गेली असेल तर आत्ताच उसवणं सोपं, पुढची ओळ लागल्यावर दोन शिवणी उसवाव्या लागतात.

मधले दोरे कापायचा मोह आवरा. आडव्या ओळींचा क्रम तेच धरून ठेवतात.

सहाही ओळी लागल्यावर इस्त्री: क ओळीची माया उजवीकडे, ग ची डावीकडे, अशी आळीपाळीने. मग आडव्या शिवणीत समोरासमोरच्या माया एकमेकींत अडकून बसतात आणि चौक जुळतो. दोन्ही एकाच बाजूला गेल्या तर तिथे गाठ येते. आडव्या शिवणी फक्त सात. ओळीची चिठ्ठी तिची खालची शिवण झाल्यावरच काढा.