गावठाणाचं सामायिक खातं कसं चालवावं

गावदेवीची पालखी निघाली की पन्नास मोबाइल वर होतात आणि पन्नास खात्यांवर पन्नास रील पडतात. पालखी एकच, नाव मात्र ज्याचं त्याचं. वर्षभराने गावाचं म्हणून एका जागी काही शोधायला जावं तर हाती काहीच लागत नाही. घणसोली, करावे, दिवाळे, सारसोळे ही गावं १९७० साली नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली त्याच्या कितीतरी आधीची. खाजणं आणि मिठागरं भरावाखाली गेली. जुनं गाव आता कपाटातल्या अल्बममध्ये आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरलंय. ते गावाच्याच नावाने जपायचं असेल तर सोशल मीडियावर गावाचं एक सामायिक खातं हवं, आणि त्यासाठी पुढची कामं करावी लागतात.

खातं उघडण्याआधी गावकी बोलवा. तिथे तीन गोष्टी ठरवून वहीत लिहून घ्या: खात्याचं नाव, किल्ल्या कोणाकडे, आणि काय टाकायचं नाही. नावात कुठलंही आडनाव, मंडळ किंवा पक्ष नको. किल्ल्या तिघांकडे असाव्यात, तीन वेगळ्या आळ्यांतल्या, त्यात किमान एक बाई. एकाच घरातले दोघे घेतले की महिन्याभरात ते त्या घराचं खातं होतं. फेसबुक पेज असेल तर तिघांनाही पूर्ण अधिकार द्या. इन्स्टाग्रामचा पासवर्ड आणि बॅकअप कोड कागदावर लिहून, पाकीट बंद करून देवळाच्या कपाटात ठेवा.

खात्यासाठी वेगळं सिम घ्या आणि त्याचा रिचार्ज गावकीच्या खर्चात धरा. प्रीपेड सिम ९० दिवस वापरलं नाही तर बंद होऊ शकतं. पुढे तो नंबर दुसऱ्याला मिळतो आणि तुमचा ओटीपीही त्याच्याकडे जातो. गूगलवर १५ जीबी जागा फुकट मिळते, पण दोन वर्षं न उघडलेलं खातं काढून टाकलं जाऊ शकतं. म्हणून सगळ्या फाइलींची प्रत दोन हार्ड डिस्कवर ठेवा, दोन वेगळ्या घरांत.

आता फोटो. स्कॅनर मिळाला तर ४ बाय ६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयवर घ्या, म्हणजे मोठा छापतानाही अस्पष्ट होत नाही. नसेल तर सकाळी ओटीवर सावलीत फोटो सपाट ठेवा, खाली काळा कागद घाला, फ्लॅश बंद करा आणि मोबाइल वरून अगदी समांतर धरा. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढू नका, रंगाचा थर पानालाच चिकटून राहतो. बारीक दोरा फोटोखालून हळूहळू सरकवा. तरी सुटला नाही तर पानासकट टिपा. मागची बाजूही टिपायचीच, स्टुडिओचा शिक्का आणि तारीख बहुधा तिथेच असते. फाइल पाठवताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो. नाव असं द्या: वर्ष, आळी, प्रसंग, क्रमांक.

खरी मेहनत ओळीत आहे, म्हणजे फोटोखालच्या मजकुरात. ज्याच्या घरातून फोटो आला त्याचंच नाव लिहून थांबू नका. डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं लिहा. बायकांच्या बाबतीत ‘अमक्याची बायको’ एवढ्यावर सोडू नका. तिचं नाव विचारा, माहेरचं गाव विचारा. एखादा चेहरा ओळखू येत नसेल तर तसंच लिहा: ‘डावीकडून तिसरी कोण?’ उलव्याला दिलेली लेक, पनवेलला गेलेला मामा, सगळे उत्तर द्यायला धावतात. अशी एक ओळ शंभर सेल्फींपेक्षा जास्त माणसं जोडते. भाषा घरातलीच ठेवा. ‘लगीन’चा ‘विवाहसोहळा’ करू नका. गावठाणातल्या इमारतींत वर्षानुवर्षं राहणाऱ्या भाडेकरूंनाही विचारा. त्यांची पोरं याच गल्लीत वाढलीत, ‘आम्ही’मध्ये तीही येतात.

धवला, म्हणजे लग्नातलं पारंपरिक गाणं, ध्वनिमुद्रित करायचा तर हळदीच्या रात्री नको, डीजेत काही ऐकू येत नाही. धवला गाणाऱ्या धवलारीण बाईंकडे वेगळ्या दिवशी जा. पंखा बंद, मोबाइल फ्लाइट मोडवर, आणि तोंडापासून वीतभर अंतरावर. मानधन गावकीने द्यावं. त्यांचं नाव सगळ्यांत वर टाका, आणि कुठली ओवी बाहेर द्यायची नाही हे त्यांनाच ठरवू द्या.

१९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध शेतकऱ्यांनी दिलेल्या जासईच्या लढ्याबद्दल, त्यातल्या पाच हुतात्म्यांबद्दल लिहिताना फार काळजी घ्या. आपल्या गावातून कोण गेलं होतं, हे किमान दोन घरांतून वेगवेगळं विचारा आणि जुळलं तरच टाका. एखादं नाव सुटलं तर ती सल पिढ्यान्‌पिढ्या राहते.

खातं बिघडतं ते बहुतेक दोन कारणांनी. एक, फोटोवर कोणीतरी स्वतःच्या नावाचा शिक्का मारतो. दुसरं, कोणा नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचा बॅनर येतो, मग दुसऱ्या गटाचा, आणि निवडणुकीपर्यंत निम्मं गाव निघून जातं. पहिला बॅनर टाकूच नका, दुसऱ्याला नाही म्हणणं मग सोपं जातं. जिवंत माणसाचा फोटो विचारून, आणि लहान मुलांचा आईवडिलांची परवानगी असेल तरच.

दरवर्षी जत्रेनंतरच्या पहिल्या गावकीत तिघांपैकी एकाला बदला. नव्या माणसासमोर पासवर्ड बदला, सिम दुसऱ्या मोबाइलमध्ये घालून ओटीपी येतो का पाहा, आणि दोन्ही हार्ड डिस्क जोडून प्रत्येकीतल्या पाच-दहा फाइली उघडून बघा.