डेस्कटॉपला वाय-फाय डोंगल: कोणतं घ्यायचं, कुठे लावायचं, अडलं तर काय बघायचं

फायबरची वायर हॉलमध्ये आली की राउटर टीव्हीच्या वर बसतो, आणि कॉम्प्युटर राहतो आतल्या खोलीत. मधली भिंत फोडून केबल ओढायला घरात कोणी तयार नसतं. अशा वेळी यूएसबी वाय-फाय अ‍ॅडॉप्टर, म्हणजे बोलीभाषेतलं वाय-फाय डोंगल, हा सोपा उपाय. पण राउटर आणि कॉम्प्युटर एकाच खोलीत असतील, तर डोंगलच्या फंदात पडू नका. कॅट-६ची तयार लॅन केबल आणा, दोन टोकं खोचा, काम संपलं. केबलसारखं स्थिर कनेक्शन कुठलंच डोंगल देत नाही.

दुकानात ‘डेस्कटॉपसाठी वाय-फाय डोंगल’ असं पूर्ण म्हणा. नुसतं ‘डोंगल’ म्हटलं की सिम घालायचं डोंगल पुढे येतं, कधी ब्लूटूथचं.

घेण्याआधी

खोक्यावरचा मोठा आकडा ही बेरीज असते. ‘एसी ६००’ म्हणजे ५ गिगाहर्ट्झवर ४३३ आणि २.४ गिगाहर्ट्झवर १५० एमबीपीएस. ‘एसी १२००’ म्हणजे ८६७ अधिक ३००. डोंगल एका वेळी एकाच बँडवर, म्हणजे या दोनपैकी एकाच लहरी-पट्ट्यावर चालतं, त्यामुळे ६०० कधीच मिळत नाहीत. हा वेगही फक्त राउटर आणि डोंगलमधल्या रेडिओ-जोडणीचा. वाय-फायला एकाच चॅनेलवर आळीपाळीने बोलावं आणि ऐकावं लागतं, म्हणून हातात साधारण निम्मा पडतो. एसी ६००वर राउटरजवळ दोनशेच्या आसपास मिळाले तर डोंगल उत्तम चाललंय असं समजा.

नखाएवढं, दोन-तीनशे रुपयांचं, ‘१५० एमबीपीएस’ लिहिलेलं डोंगल फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. या बँडमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेल्स तीनच: १, ६ आणि ११. सोसायटीत आजूबाजूला पंधरा-वीस राउटर असतील तर तेवढ्या सगळ्यांनी ही तीनच वाटून घ्यायची, शिवाय मायक्रोवेव्ह, ब्लूटूथ आणि वायरलेस माउसही त्याच पट्ट्यात. सकाळी बरं चालणारं डोंगल रात्री नऊला का रडतं, त्याचं कारण बहुतेकदा हेच. ३०-४० एमबीपीएसचा प्लॅन असेल, किंवा घर सुटं असून आसपास दुसरं वाय-फाय नसेल, तर हे चालून जातं. नाहीतर थोडे पैसे जास्त घालून दोन्ही बँडचं घ्या. राउटर दोन्ही बँडचा आहे का, तेही आधी बघा. फोनवर दिसणाऱ्या वाय-फाय नावांच्या यादीत त्याचं, शेवटी ‘५जी’ लावलेलं नाव असेल तर आहे. त्या ५जीचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही, ते ५ गिगाहर्ट्झचं संक्षिप्त रूप.

५ गिगाहर्ट्झची मर्यादा भिंत. विटांची एक भिंत तो कसाबसा ओलांडतो. आरसीसीचा पिलर, कोकणातली जांभ्या चिऱ्याची जाड भिंत, पाण्याची टाकी, मोठा आरसा किंवा मधे आलेलं लोखंडी कपाट असेल तर सिग्नल झपाट्याने पडतो. तिथे २.४च कामाला येतो. दोन्ही बँड जवळ असण्याचा खरा फायदा हा की जिथे जे चालेल ते वापरता येतं.

अँटेना असलेलं घ्यावं की छोटं? डेस्कटॉपला अँटेनावालंच. छोट्या डोंगलमधला अँटेना बोटाच्या पेरापेक्षाही लहान असतो आणि तो कॅबिनेटच्या पत्र्याला चिकटून बसतो. लॅपटॉपसाठी ते ठीक.

डोंगलसोबत एक ते दीड मीटरची यूएसबी एक्स्टेंशन केबलही घ्या. डोंगल यूएसबी ३चं असेल तर केबलही ३चीच, नाहीतर जोडणी २.०वर घसरते. २.०चा कागदावरचा वेग ४८० असला तरी प्रत्यक्षात तीनशेच्या आसपास अडतो. शंभरच्या प्लॅनला याने फरक पडत नाही.

लावायचं कसं

पहिल्या जोडणीला डोंगल कॅबिनेटच्या मागच्या पोर्टात घाला. मागची पोर्टं थेट मदरबोर्डवर असतात. पुढची आतल्या पातळ वायरीने जोडलेली असतात आणि जुन्या कॅबिनेटमध्ये ती सैल झालेली किंवा कमी करंट देणारी निघतात. बिनवीजपुरवठ्याचा यूएसबी हबही टाळा.

विंडोज १० किंवा ११ असेल तर एक-दोन मिनिटं थांबा. पुष्कळ डोंगलांचे ड्रायव्हर (डोंगल चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) विंडोजमध्ये आधीच असतात आणि उजव्या कोपऱ्यात वाय-फायचं चिन्ह आपोआप येतं. आलं नाही, तर ‘धिस पीसी’ उघडून बघा. काही डोंगल लावल्यावर आधी सीडी ड्राइव्ह असल्यासारखी दिसतात. त्यांच्या आतच ड्रायव्हर ठेवलेला असतो. त्यातली सेटअप फाइल चालवायची आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करायचा. ड्रायव्हर बसल्यावरही सीडीच दिसत राहिली, तर त्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘इजेक्ट’ द्या, डोंगल वाय-फायच्या रूपात परत येतं.

सीडीही नाही, ड्रायव्हरही नाही, आणि ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं, या पेचातून अँड्रॉइड फोन सोडवतो. फोन केबलने कॉम्प्युटरला जोडा, फोनच्या सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंगखाली ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. केबल डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलने हा पर्याय उमटतच नाही. बहुतेक फोनांत, फोन घरच्या वाय-फायवर असेल तर नेट तेच वापरलं जातं. मग विंडोज अपडेट चालवा, त्यातल्या ‘ऑप्शनल अपडेट्स’मध्ये ड्रायव्हर सापडण्याची शक्यता चांगली असते.

तिथेही नसेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा (विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबल्यावर येणाऱ्या यादीत तो आहे). पिवळ्या त्रिकोणाचं डिव्हाइस, राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘डिटेल्स’, आणि खालच्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’. इथे व्हीआयडी (कंपनीचा) आणि पीआयडी (मॉडेलचा) असे चार-चार अक्षरांचे दोन कोड दिसतात. व्हीआयडी ‘०बीडीए’ असेल तर चिप रिअलटेकची, ‘१४८एफ’ असेल तर रॅलिंक किंवा मीडियाटेकची. खोक्यावरच्या ब्रँडपेक्षा या कोडवर भरवसा ठेवा. एकाच मॉडेलच्या पहिल्या आणि पुढच्या आवृत्तीत वेगळ्या कंपनीची चिप असू शकते. टीपी-लिंकच्या ‘७२२एन’ मॉडेलच्या पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची चिप होती, दुसरीपासून रिअलटेकची आली. ड्रायव्हर उतरवताना मागच्या स्टिकरवरचा आवृत्तीचा आकडा जुळवायचा तो यासाठी. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणारी सॉफ्टवेअर मात्र लांब ठेवा.

लिनक्सवर खरेदीआधीच चिप बघा. मीडियाटेकच्या एमटी ७६१२यू चिपचा ड्रायव्हर कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.१९पासून आतच आहे. रिअलटेकच्या ८८२१सीयू आणि ८८२२बीयू या चिपना ६.२पासून आधार मिळाला. त्याहून जुना कर्नल असेल तर ड्रायव्हर स्वतः कंपाइल करावा लागतो, आणि कर्नल अपडेट झाला की तो पुन्हा बसवण्याची वेळ येऊ शकते.

जागा

डोंगल चालू झालं की बहुतेक जण इथेच थांबतात, आणि पुढे वर्षभर ‘नेट स्लो आहे’ म्हणत राहतात. टेबलाखाली, भिंतीला पाठ लावून ठेवलेल्या कॅबिनेटच्या मागे खोचलेलं डोंगल म्हणजे एका बाजूला पत्र्याचा डबा, दुसऱ्या बाजूला भिंत आणि भोवती वायरींचा गुंता. दुसरी गोष्ट नजरेला दिसत नाही: यूएसबी ३ची पोर्टं, आणि विशेषतः त्यांना जोडलेली बाहेरची हार्ड डिस्क, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ-गोंगाट करतात. इंटेलने २०१२ साली यावर सविस्तर टिपण काढलं होतं. निळ्या, म्हणजे यूएसबी ३च्या पोर्टात हार्ड डिस्क आणि शेजारच्याच पोर्टात २.४वरचं डोंगल अशी मांडणी असली की फाइल कॉपी सुरू होताच नेट गचके खातं. वायरलेस माउसही अडखळू लागला तर निदान पक्कं.

दोन्हींवर इलाज ती एक्स्टेंशन केबल. डोंगल टेबलावर आणा, मॉनिटरच्या मागे न लपवता बाजूला, राउटरच्या दिशेला मोकळं ठेवा. जमलं तर फळीवर किंवा खिडकीच्या कठड्यावर, उंचावर. दांडीचा अँटेना उभा ठेवा, कारण उभी दांडी चारी बाजूंना आडवा सिग्नल फेकते. तिचं टोक राउटरकडे रोखलं तर उलट कमी पकडतं. राउटर वरच्या मजल्यावर असेल तर दांडी आडवी करून बघा.

अंदाजाने जागा ठरवू नका, मोजा. कमांड प्रॉम्प्ट उघडून चार शब्द टाइप करायचे: ‘नेटएसएच’, ‘डब्ल्यूलॅन’, ‘शो’, ‘इंटरफेसेस’, अर्थात इंग्रजी अक्षरांत, मधे एकेक जागा सोडून. विंडोज ११ची नवी आवृत्ती त्याआधी लोकेशन चालू करायला सांगते, ते करा. उत्तरात सिग्नल टक्क्यांत, चॅनेल आणि घेण्या-देण्याचा वेग दिसतो. विंडोजच्या हिशोबात १०० टक्के म्हणजे उणे ५० डीबीएम (सिग्नलच्या जोराचं माप) आणि ५० टक्के म्हणजे उणे ७५. सत्तरच्या वर असेल तर निर्धास्त राहा. पन्नासच्या खाली व्हिडिओ कॉल अडखळणार हे धरून चाला. डोंगल वीतभर सरकवा, दहा सेकंद थांबा, कमांड पुन्हा चालवा. वीतभरात दहा-पंधरा टक्के बदलू शकतात, कारण भिंतींवरून परतलेल्या लहरी कुठे एकमेकींना जोर देतात, कुठे खातात.

जोडलं गेलं, पण...

आधी दोष कुणाचा ते ठरवा. ‘आयपीकॉन्फिग’ कमांडमध्ये ‘डीफॉल्ट गेटवे’समोर राउटरचा पत्ता मिळतो, बहुधा १९२.१६८ने सुरू होणारा. त्या पत्त्याला ‘पिंग’ लावा (ही कमांड हाक मारून उत्तराला किती वेळ लागतो ते मोजते), शेवटी ‘-टी’ जोडून, आणि दोन मिनिटं चालू ठेवा, थांबवायला कंट्रोल-सी. उत्तरं पाच-दहा मिलिसेकंदांत सलग येत असतील तर डोंगल निर्दोष आहे, तक्रार इंटरनेट कंपनीकडे करा. मधेमधे ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येत असेल, किंवा आकडा तीनशे-चारशेवर उडत असेल, तर गडबड घरातल्याच वाय-फायमध्ये आहे. प्रोव्हायडरच्या माणसाला बोलावण्याआधी एवढं केलं की अर्धा वाद मिटतो.

त्याच कमांडमध्ये कॉम्प्युटरचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ने सुरू होणारा दिसत असेल, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. नेटवर्क ‘फर्गेट’ करून पासवर्ड पुन्हा टाका, तरी नाही तर राउटर रीस्टार्ट.

फोनला ‘५जी’ नाव दिसतं आणि डोंगलला नाही? एक तर डोंगल एकाच बँडचं आहे, नाहीतर राउटरने आपोआप निवडलेलं चॅनेल ५२ ते १४४ यांपैकी आहे. ही चॅनेल्स रडारबरोबर वाटून घ्यावी लागतात आणि काही स्वस्त डोंगल ती धरतच नाहीत. राउटरमध्ये चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१मधलं पक्कं करा. २.४मध्येही तसंच: भारतात १२ आणि १३ चालतात, पण अमेरिकी सेटिंगच्या डोंगलला ती दिसत नाहीत. नाव दिसतं, पासवर्ड बरोबर आहे, तरी जोडलं जात नाही, असं झालं तर राउटरची सुरक्षा नुसती ‘डब्ल्यूपीए ३’वर आहे का बघा. जुन्या डोंगलांसाठी ती ‘डब्ल्यूपीए २/३’ अशी मिश्र ठेवावी लागते.

दर वीस-पंचवीस मिनिटांनी, किंवा कॉम्प्युटर झोपेतून उठल्यावर, वाय-फाय गायब होत असेल तर वीज वाचवण्याची सोय आडवी येते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ उघडा आणि ‘अलाऊ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस’पुढची खूण काढा. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ही बंद करा. डेस्कटॉपला याने विजेच्या बिलात काही फरक पडत नाही.

दोन्ही बँडचं नाव एकच असेल तर डोंगल पुष्कळदा २.४लाच चिकटतं. डोंगलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड’खाली ‘प्रेफर्ड बँड’ असेल तर ५ निवडा. नसेल तर राउटरमध्ये दोन वेगळी नावं करा.

‘शंभरचा प्लॅन आहे आणि डाउनलोड बाराच दाखवतंय’ ही तक्रारही नेहमीची. प्लॅन मेगाबिटमध्ये, डाउनलोड मेगाबाइटमध्ये. आठाने भागलं की साडेबाराच येतात.

माळ्यावरून काढलेल्या जुन्या पीसीत एक वेगळाच घोळ होतो. वाय-फाय जोडलेलं, पिंग सुरळीत, आणि तरी प्रत्येक साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून अडते. घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि साइटची प्रमाणपत्रं त्या तारखेला वैध ठरत नाहीत. सीआर २०३२ नावाचा नाण्याएवढा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. कॉम्प्युटर बंद करून प्लग काढा, सेल बदला आणि तारीख लावा.