निलगिरीलगतचं पीक बसकं का राहतं? आधी हे तपासा

बांधावरच्या निलगिरीलगत ज्वारीच्या ओळी बसक्या राहिल्या की दोष थेट पानांतल्या विषाला दिला जातो. निलगिरीच्या पानांत सिनिओल आणि फिनॉलवर्गीय आम्लं असतात, सुबाभळीत मिमोसिन. ही द्रव्यं कोवळी मुळं खुंटवतात हे खरं. पण सावली पडली किंवा झाडानं पाणी ओढलं तरी पीक तसंच दिसतं.

पानांत खरंच विष आहे का ते पाहायला झाडाखालची गळलेली, कोरडी पानं चुरा. हिरवी पानं वाटू नका. शेतातला पाऊस पानं भिजवतो, वाटत नाही. १० ग्रॅम चुरा १०० मिली पाण्यात २४ तास ठेवून सुती कापडातून दोनदा गाळा. याचाच थोडा भाग पाणी घालून निम्मा आणि पाव कडक करा. चौथं साधं पाणी. प्रत्येकाच्या तीन डब्या करा: तळाशी टिपकागद, ५ मिली द्रव, मुळ्याच्या २० बिया, वर झाकण. हरभरा, मका नको. मोठं बी स्वतःच्या साठ्यावर तग धरतं आणि फसवतं. पाचव्या दिवशी उगवण मोजा, पण भर मुळांच्या लांबीवर द्या, कारण परिणाम तिथे आधी दिसतो. कडक अर्कात क्षारही असतात, त्यांनीही बी अडतं. म्हणून निर्णय पाव अर्कावरच घ्या.

डबीतला निकाल शेतात टिकेलच असं नाही, कारण मातीतले जिवाणू फिनॉल फोडतात. झाडाखालची वरची १० सेंमी माती आणि उघड्या रानातली माती वेगवेगळ्या कुंड्यांत भरा. दोन्हींच्या निम्म्या कुंड्यांत वजनाच्या १ टक्का सक्रिय कोळशाची पूड मिसळा; ती अशी द्रव्यं शोषून घेते (चुलीतला कोळसा चालणार नाही, त्यातली राख मातीचा सामू बदलते). ऊन, पाणी, खत सगळ्यांना सारखं. फक्त झाडाखालच्या मातीत रोप खुरटलं आणि कोळशानं सुधारलं, तर रसायनावर संशय घ्यायला जागा आहे. सगळीकडे सारखंच जोमदार आलं तर दोष सावलीचा किंवा पाण्याचा, आणि बहुतेकदा तोच निघतो.

रसायन असेल तर पहिल्या पावसाआधी पाला गोळा करून वेगळा कुजवा. कच्चा पाला आच्छादनाला वापरू नका. पाणी ओढलं जात असेल तर बुंध्यापासून दोन मीटरवर ६० ते ९० सेंमी खोल चर खणून मुळं तोडा. ती परत येतात, तेव्हा चर दर वर्ष-दोन वर्षांनी उकरावा लागतो. सावलीला मात्र खालच्या फांद्या छाटणं पुरतं.