आयसीयूतून घरी आल्यानंतर: या चुका टाळा

आबांना जळगावच्या आयसीयूतून यावल तालुक्यातील घरी आणल्यावर पहिली चूक आम्ही मायेपोटी केली. त्यांना बाजेवरून खाली पाय ठेवू दिला नाही. व्हेंटिलेटरवरील रुग्णाच्या मांडीचे स्नायू पहिल्या दहा दिवसांतच ठळकपणे झिजतात आणि ते पडून राहिल्याने भरून येत नाहीत, हे आम्हांला ठाऊक नव्हते. बाज सखल, मधोमध झोळ पडलेली. दोन्ही हात टेकूनही आबांना उठता येईना. फिजिओथेरपिस्टने तिथे हातांची उंच खुर्ची ठेवायला लावली. आधी केवळ उठणे-बसणे, मग दारापर्यंत, मग उन्हे चढण्यापूर्वी ओट्यापर्यंत, अशा क्रमाने त्यांना चालते व्हायला कित्येक महिने लागले.

दुसरी चूक खाण्याची. ताकद यावी म्हणून आमच्या भागात केळ्याचा घडच घरात येतो. परंतु आजारपणात मूत्रपिंडांना इजा झाली असेल, तर केळ्यातील पोटॅशियम घातक ठरू शकते, म्हणून आधी डॉक्टरांना विचारावे. घशात बरेच दिवस नळी राहिलेल्या रुग्णाला पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा प्यायल्यावर आवाज घोगरा, ओलसर होत असेल, तर गिळण्याची तपासणी करून घ्यावी आणि त्याला आडवे असताना काहीही भरवू नये.

औषधांचा घोळही नेहमीचा. जुन्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि डिस्चार्जच्या कागदावरील गोळ्या दोन्ही चालू राहतात. सगळी पाकिटे एका पिशवीत घालून पहिल्याच तपासणीला न्यावीत.

सर्वांत जास्त सलते ती मात्र वेगळीच चूक. रात्री छतातून माणसे उतरत होती असे आबा सांगत, तेव्हा "तो भास होता, विसरा" म्हणून आम्ही विषय तोडत असू. असे भास आयसीयूत अनेकांना होतात आणि त्यांची भीती घरीही पाठ सोडत नाही. रुग्णाचे पूर्ण ऐकून घ्यावे आणि कोणत्या दिवशी काय झाले ते त्याला क्रमाने सांगावे. शरीर, स्मरण आणि मन यांवरील या परिणामांना डॉक्टर 'पोस्ट इन्टेन्सिव्ह केअर सिंड्रोम' म्हणतात. २०१२ साली या संज्ञेची मांडणी झाली, तेव्हा कुटुंबीयांवरील परिणामही त्यात धरले गेले. आमच्या आईची झोप उडाली होती. आम्ही रात्रीच्या पाळ्या वाटून घेतल्या, पण फार उशिरा.

एकाएकी धाप लागली, बोलणे असंबद्ध झाले किंवा रुग्णाला सतत गुंगी राहू लागली, तर भेटायला आलेल्यांचा सल्ला घेत न बसता १०८ ला फोन करावा.