घरच्या झाडांचं लाकूड चिरून घर बांधताय? या चुका टाळा

निवृत्तीनंतर मुळशी, भोर, वेल्ह्याकडे थोडी जमीन, बांधावरची चार झाडं आणि त्याच लाकडाच्या सांगाड्यावर उभं राहिलेलं घर. हौस चांगलीच आहे. पण बासष्टाव्या वर्षी ‘आता वेळ कुठे उरलाय’ म्हणत मार्चमध्ये झाड पाडायचं आणि दिवाळीला वास्तुशांत ठरवायची, हे गणित जमत नाही. बाकीच्या बहुतेक चुका या एका घाईच्या पोटातून निघतात.

परवानगीचं आधी उरकू. साग, आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ ही झाडं १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याखाली येतात. ‘माझ्याच रानातलं आहे’ हे उत्तर चालत नाही. सातबाऱ्यावर झाडांची नोंद, अर्ज, पाहणी, मग तोड. लाकूड सॉ मिलवर न्यायचं असेल तर वाहतूक परवान्याचीही चौकशी करा. महापालिका हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा लागतो. कागद हातात पडेपर्यंत सुताराला ॲडव्हान्स देऊ नका.

थप्पी: इथेच निम्मं लाकूड वाया जातं

लाकूड चिरून आणलं की काम झालं असं नवख्यांना वाटतं. खरं काम तिथून सुरू होतं.

वेल्ह्याकडचा एक किस्सा नमुन्यादाखल पुरे आहे. आंब्याच्या फळ्या मार्चअखेर चिरून आणल्या आणि उघड्या खळ्यावर, थेट जमिनीवर रचल्या. एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्याने वरच्या फळ्या टोकांकडून हात-हातभर फाटल्या. जूनमध्ये पाऊस आला तशी सगळ्या थप्पीला निळी ताडपत्री घट्ट गुंडाळून दोरी बांधली. दिवाळीनंतर ताडपत्री सोडली तेव्हा मधल्या फळ्या बुरशीने काळ्या-निळ्या पडलेल्या, तळाच्या दोन थरांत वाळवीची माती, आणि उरलेल्या फळ्यांना लाटा आलेल्या. लाटा का? फळ्यांमध्ये घातलेल्या पट्ट्या एकाखाली एक नव्हत्या. वरच्या थरांचं वजन पट्टी नसलेल्या जागी पडलं, लाकूड तसंच वाकलं आणि वाकलेलंच वाळलं. असं लाकूड रंध्याखाली सरळ करायला गेलं की दीड इंचाची फळी पाऊण इंचाची होते.

तोड थंडीत, नोव्हेंबर-डिसेंबरात करावी. हवा गार असते, लाकूड हळू वाळतं आणि कीडही कमी असते. ओंडका पडला की त्याच दिवशी दोन्ही टोकांना जुना ऑइल पेंट किंवा डांबर फासा. पाणी टोकांतून सगळ्यात लवकर उडतं, म्हणून भेगा तिथूनच सुरू होतात. आठवड्याने फासलेला रंग ही निव्वळ शोभा.

चिराई जानेवारीपर्यंत संपवा. थप्पीला खाली सिमेंटचे ब्लॉक, जमिनीपासून किमान दीड फूट उंची. दर दीड-दोन फुटांवर एक इंच चौरस, पूर्ण वाळलेल्या लाकडाच्या पट्ट्या, आणि वरपासून खालपर्यंत एका ओळंब्यात. ओल्या पट्ट्या वापरल्या तर फळीवर त्यांचे काळे डाग उमटतात. टोकाची पट्टी अगदी कडेला हवी. वर पत्र्याचं छप्पर आणि दगडांचं वजन. बाजू मोकळ्या ठेवा. मावळातला पाऊस तिरका येतो, तेव्हा छप्पर दोन्हीकडे तीन फूट पुढे काढा, पण गुंडाळू नका.

वाळलं की नाही हे बोटाने ठोकून कळत नाही. बाजारातलं टोचायचं मीटर वरवरचाच ओलावा दाखवतं. फळीच्या मधून एक इंच रुंदीचा तुकडा कापा, वजन करा, घरच्या ओव्हनमध्ये १००-१०५ अंशांवर ठेवा आणि वजन घटायचं थांबलं की पुन्हा तोला. १३० ग्रॅमचे ११२ झाले, तर गेलेले १८ भागिले ११२, म्हणजे १६ टक्के ओलावा. दारं-खिडक्या आणि तक्तपोशीला (फळ्यांच्या छताला) १२ च्या आसपास हवा. इंचाला एक वर्ष हा जुना हिशेब फळ्यांपुरता धरायला हरकत नाही.

८ बाय ८ चा खांब मात्र आतपर्यंत वाळायची वाट बघत बसलात तर घर नातवंडंच बांधतील. खांब-तुळया अर्धवट ओल्या असतानाच जोडायच्या असतात, पण आकसणार हे धरून. ८ इंचाला पाव इंच सहज जातो. लांबीत जवळजवळ काहीच जात नाही. जोडाच्या मेखा उलट खडखडीत वाळलेल्या बाभळीच्या हव्यात. कुशीतलं (खांबाच्या खाचेत बसणाऱ्या तुळईच्या जिभेतलं) भोक खांबातल्या भोकापेक्षा साधारण ३ मिलिमीटर कुशीच्या मुळाकडे सरकवून पाडलं की मेख ठोकताना जोड ओढला जातो आणि लाकूड आकसलं तरी सैल पडत नाही. लोखंडी बोल्ट हा शॉर्टकट आहे. लाकूड बारीक होतं, बोल्ट होत नाही, मग दरवर्षी पाना घेऊन फिरा.

गाभा

ओंडक्याच्या अगदी मधोमध असलेला बारीक, मऊ गाभा फळीत आला की ती फळी मधून फुटणारच. गाभ्याची फळी वेगळी काढून तिच्या पट्ट्या पाडा. खांबात गाभा ठेवायचा तर चारही बाजूंपासून सारख्या अंतरावर, बरोबर मध्यात ठेवा. एका कडेला सरकला की खांब धनुष्यासारखा वाकतो. चिरताना ओंडका अर्धा झाला की दर दोन-तीन कापांनी पालटा, म्हणजे आतला ताण दोन्हीकडून सुटेल. निलगिरीला हा ताण फार असतो. घराच्या सांगाड्याला तिच्या वाटेला जाऊच नये, स्वस्त मिळते म्हणून तर मुळीच नाही.

लागवडीचा पंधरा-वीस वर्षांचा साग घेऊन ‘सागाला कीड लागत नाही’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. कीड लागत नाही ती आतल्या तांबूस लाकडाला. सालीलगतचं पांढरं लाकूड किडा आवडीने खातो, आणि कोवळ्या सागात तेच जास्त असतं. आंब्याला तर चिरल्या दिवशीच बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी लावावं. पावसात ते धुऊन जातं, म्हणून आंबा घराच्या आतच वापरा.

बाकीचं थोडक्यात.

बांधावरच्या झाडात कुंपणाची तार आणि खिळे गिळलेले असतात. ओंडक्याच्या कापलेल्या टोकावर निळसर-काळा डाग दिसला की मेटल डिटेक्टर फिरवा. नाहीतर मिलच्या बँडसॉचं (पट्टा-करवतीचं) पातं गेलंच.

चेनसॉने चिरणार असाल तर साखळी चिराईची हवी, १० अंशांच्या आसपास घासलेली. आडव्या कापाची ३० अंशांची साखळी लाकडाच्या रेघेच्या दिशेला रखडते आणि इंजिन तापवते. शिवाय चेनसॉचा काप ८-१० मिलिमीटर खातो, बँडसॉचा २-३. इंची फळ्या पाडताना दर दहा फळ्यांमागे तीन फळ्यांचा भुसा होतो, तेव्हा फळ्या मिलवरच पाडा.

खांब जमिनीत किंवा काँक्रीटमध्ये पुरू नका. पुण्यातले जुने वाडे बघा, खांब दगडी तळखड्यावर उभे असतात. तळखड्याचा माथा जोत्याच्या वर हवा आणि पाणी त्यावर साचता कामा नये.

व्यापारी गोल लाकूड घेराच्या चौथाईने मोजतात. ४८ इंच घेर, १० फूट लांबी म्हणजे हिशेबात १० घनफूट, प्रत्यक्षात पावणेतेरा. घरचा ओंडका विकताना आणि लागेल तेवढं बाहेरून घेताना हे माप ठाऊक असू द्या.

१० फुटी, ८ बाय ८ ची ओली तुळई सव्वाशे किलोच्या आसपास भरते. साठीनंतर ती खांद्यावर घेण्याचा उत्साह दाखवू नये. ओंडका पहारीने लोटा, तुळई एक टनी चेनपुलीने चढवा, आणि तुळई हवेत असेपर्यंत तिच्याखाली कुणीही उभं राहायचं नाही, फोटो काढायलासुद्धा.